माळ्यावर पडून राहिलेला, पोचा आलेला जुना सॅक्सोफोन दुरुस्त करून पुन्हा वाजवता येईल का?

तुम्ही लिहिले आहे की आजोबा लग्नाच्या बँडमध्ये वाजवत असलेला आल्टो सॅक्सोफोन पंधरा वर्षे माळ्यावर होता, त्याच्या बेलला, म्हणजे खालच्या रुंद तोंडाला, मोठा पोचा आहे, पितळ जागोजागी काळे-हिरवे पडले आहे, वरचे चार-दोन सूर कसेबसे निघतात आणि खालचे मुळीच निघत नाहीत. तेव्हा पोचा काढून पॉलिश करून घ्यावे, की नवेच वाद्य घ्यावे? मी मूळचा फिटर असून गेली बावीस वर्षे बँडच्या वाद्यांची दुरुस्ती करतो. तुमच्या वर्णनावरून वाद्य बहुधा पुन्हा वाजते होईल असे वाटते. मात्र पोचा आणि काळेपणा या नजरेत भरणाऱ्या दोन गोष्टींवर आधी पैसे खर्च केलेत, तर दुकानातून परत आलेले चकचकीत वाद्यही आजच्याइतकेच मुके असेल.

खालचे सूर का निघत नाहीत, हे समजण्यासाठी वाद्याची रचना पाहावी लागते. सॅक्सोफोन ही वरून खाली रुंदावत जाणारी शंकूच्या आकाराची पितळी नळी आहे. अ‍ॅडॉल्फ सॅक्स यांनी पॅरिसमध्ये 1846 साली तिचे पेटंट घेतले, आणि पुढे चाव्यांची यंत्रणा बरीच सुधारली तरी नळी, भोके आणि झाकणे हा मूळ आराखडा आजही तोच आहे. नळीवर वीसहून अधिक भोके असतात आणि प्रत्येक भोकावर चावीच्या वाटीत बसवलेले एक पॅड असते. वरचा सूर वाजवताना थोडीच पॅड बंद असावी लागतात. अगदी खालचा बी फ्लॅट वाजवताना मात्र झाडून सगळी बंद असावी लागतात. त्यामुळे वरच्या बाजूच्या एखाद्या पॅडखाली केसाएवढी फट राहिली, तरी खालचे सूर गुरगुरतात किंवा उडी मारून वरच्या सप्तकात जातात. तुमच्या वाद्याचे दुखणे ही हवेची गळती आहे, आणि पंधरा वर्षांनंतर ती एका जागी नसून दहा-बारा ठिकाणी असणार.

पॅड म्हणजे पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर लोकरी नमद्याचा थर आणि त्यावर ताणलेले पातळ चामडे. लोकर आली की कसर आली. जुन्या पैठणीबरोबर ठेवलेल्या शालीची जी गत होते, तीच पेटीत बंद असलेल्या पॅडांची होते. वरून चामडे शाबूत दिसते आणि आत नमद्याच्या जागी भुगा असतो. त्यातून कोकणातले किंवा मुंबईतले पावसाळे गेले असतील, तर चामड्यावर बुरशी चढलेली असते आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच चामडे वाळून कडक झालेले असते. अशा वाद्यात चार पॅड बदलून भागत नाही. नवे पॅड मऊ, जुने कडक, त्यामुळे एकमेकांशी जोडलेल्या चाव्या एकाच दाबाने बंद होत नाहीत. म्हणून संपूर्ण संच बदलावा.

गळती घरीच पाहता येते. रात्री खोलीतला दिवा बंद करा, नेक (माउथपीस जिच्यावर बसते ती वरची वाकडी नळी) काढून ठेवा, बारीक एलईडी दिव्यांची माळ वरून नळीत सोडा आणि चाव्या अगदी हलक्या हाताने दाबा. वाटीच्या कडेला द्वितीयेच्या चंद्रासारखी उजेडाची कोर दिसली की तिथे हवा जाते. जोर लावून दाबू नका, कारण जोराने दाबल्यावर वाईट पॅडही चांगले दिसते. दुकानात यापुढची परीक्षा सिगारेटच्या कागदाची. त्याची बोटाच्या नखापेक्षा अरुंद पट्टी पॅडखाली सरकवून चावी हळूच मिटायची आणि पट्टी ओढायची. असे चारही बाजूंना करून सगळीकडे ओढ सारखी लागली, तरच पॅड बसले असे मी धरतो.

ते बसवणे हे या धंद्यातले खरे कसब आहे. वाटी तापवून आत चपडा लाख वितळवायची, म्हणजे सुतार फर्निचरच्या पॉलिशला वापरतात तीच, तिच्यावर पॅड ठेवायचे आणि लाख मऊ आहे तोवर ते किंचित इकडे-तिकडे झुकवत भोकाच्या कडेशी समपातळीत आणायचे. लाख थंड झाली की पुन्हा दिवा, पुन्हा कागद, आणि जिथे चुकले असेल तिथे पुन्हा उष्णता. एफ शार्पचे पॅड माझा सर्वाधिक वेळ खाते, कारण उजव्या हाताची एफ, ई आणि डी यांपैकी कोणतीही चावी दाबली की तेही सोबत मिटले पाहिजे. एक जोडी जुळवावी तर दुसरी सुटते, आणि अखेर कॉर्कच्या कागदाएवढ्या पातळ तुकड्यावर सगळा हिशेब जुळतो. संपूर्ण आल्टोला मला पंचवीस ते तीस तास लागतात. कोणी दोन तासांत सगळी पॅड बदलून देतो म्हणाला, तर वाद्य त्याच्याकडे ठेवू नका.

आता तुमचा पोचा. बेलचा भाग रुंद असल्याने तिथल्या पोच्याचा आवाजावर जाणवण्याजोगा परिणाम सहसा होत नाही. उलट नेकसारख्या अरुंद जागी वाटाण्याएवढा पोचाही सूर बिघडवू शकतो. परंतु बेलला पोचा पडावा इतका मार बसला असेल, तर बेल एका अंगाला कलली आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. बेल आणि मुख्य नळी यांना जोडणारी धातूची कमान मुळाशी आत दबली असेल किंवा बेलवरच्या बी आणि बी फ्लॅटच्या वाट्या भोकांच्या मध्यावर बसत नसतील, तर बेल सरकली आहे असे समजा. मग मुख्य नळीही वाकलेली असू शकते आणि तिच्यावरचे, चाव्या ज्यांवर फिरतात ते लांब रॉड अडकू लागतात. हे सगळे धातूकाम पॅड बसवण्याआधी झाले पाहिजे, कारण नळी सरळ केल्यावर भोकांची पातळी बदलते आणि नव्या पॅडांवर केलेली मेहनत वाया जाते.

पोचा ठोकून नव्हे, तर दाबून काढतात. आतून योग्य मापाचा पोलादी गोळा लांब दांड्यावर बसवून पितळ हळूहळू बाहेर ढकलायचे. हात पोहोचत नाही अशा वळणात गोळा मोकळा सोडून बाहेरून शक्तिशाली लोहचुंबकाने फिरवायचा. पितळ ठोकून ठोकून कडक होते आणि शेवटी तडकते, हे तांबट आळीत कोणीही सांगेल. शिवाय भांड्याचे पितळ जाड असते, सॅक्सोफोनचे त्या मानाने फारच पातळ. डाख (सोल्डरचा जोड) सुटला असेल तर तो पुन्हा द्यावा लागतो, आणि त्या उष्णतेने आजूबाजूचे लॅकर, म्हणजे पितळेवरचा पारदर्शक लेप, करपते. त्याचे वाईट वाटून घेऊ नका.

लॅकरवरून पॉलिशचा मुद्दा येतो, आणि इथे माझीच चूक सांगतो. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी मडगावहून एका वयस्कर वादकाचा टेनर, म्हणजे आल्टोपेक्षा मोठा सॅक्सोफोन, आला होता. मालकाने सांगितले नसताना मी तो बफिंगच्या चाकावर धरला आणि सोन्यासारखा करून ठेवला. बेलवरची नक्षी पुसट झाली, भोकांच्या कडा गोलसर झाल्या, आणि त्या कडांवर पॅड नीट बसवताना मला पुढे महिनाभर घाम फुटला. त्यांनी वाद्य हातात घेतले, नक्षीवरून अंगठा फिरवला आणि पैसे देऊन निघून गेले. बफिंगने पितळ झिजते, आणि नामांकित बनावटीच्या जुन्या वाद्याची किंमत पुन्हा लॅकर चढवल्याने वाढत नाही, घटते. काळेपणा निरुपद्रवी आहे; हिरवा कळंक कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी जेवढा निघेल तेवढाच काढावा, तोही चाव्या आणि पॅड उतरवल्यावर. चिंच, लिंबू किंवा देवाची भांडी घासायची पावडर कृपा करून लावू नका. गुलाबी ठिपके मात्र गंभीर असतात, विशेषतः नेकवर. तिथे पितळेतले जस्त निघून जाऊन ठिसूळ तांबे उरलेले असते आणि नेकच बदलावी लागू शकते.

बँडच्या वाद्यात आणखी काही गोष्टी हमखास सापडतात. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी रबरबँड, भोकाभोवती इपॉक्सीची पुटी, आणि चिकटून बसलेले जी शार्पचे पॅड. ही चावी अशी असते की बोट दाबल्यावर पॅडवरचा भार फक्त दूर होतो आणि पॅड उचलण्याचे काम एक दुबळी स्प्रिंग करते; जिलेबी खाऊन त्याच तोंडाने वाद्य फुंकले की चिकट लाळेपुढे तिचे काही चालत नाही. गंजलेले स्क्रू घरी फिरवू नका, खाच तुटली की ड्रिल करण्यावाचून उपाय नसतो.

खर्च ठरवण्याआधी एक तपासणी अवश्य करा, कारण तिच्यावर सगळा निर्णय अवलंबून आहे. नळीच्या मागे, अंगठ्याच्या हुकाजवळ, अनुक्रमांक असतो. वाद्य शंभरेक वर्षांचे असेल, तर त्याच्या आसपास ‘एल पी’ किंवा ‘एच पी’ अशी अक्षरे कोरलेली आहेत का पाहा. ‘एल पी’ म्हणजे आजची पट्टी; ‘एच पी’ म्हणजे जुन्या लष्करी बँडांची उंच पट्टी, ज्यात ‘ए’ हा सूर 440 हर्ट्झऐवजी 450च्याही वर असे. असे वाद्य कितीही उत्तम दुरुस्त केले तरी आजच्या कीबोर्डबरोबर सुरात लागत नाही, माउथपीस कितीही बाहेर ओढा. ते शोभेसाठी ठेवावे आणि वाजवण्यासाठी दुसरे घ्यावे. बनावट नामांकित आणि पट्टी आजची असेल, तर संपूर्ण दुरुस्तीवर खर्च जरूर करा. निनावी, स्वस्तातले वाद्य असेल, तर पॅड आणि मजुरी मिळून त्याच्या किमतीपुढे जाईल. आजोबांसाठी तो खर्च करायचा की नाही, हे तुम्हीच ठरवू शकता, मी अशी कामे घेतो.

दुकानात नेताना चाव्या हलणार नाहीत अशा बेताने मऊ कापड गुंडाळा आणि माउथपीस पेटीत सुटे ठेवू नका. काळ्या एबोनाइटचे माउथपीस हिरवट-तपकिरी झाले असेल आणि गंधकासारखा वास येत असेल, तरी गरम पाण्यात घालू नका, साध्या थंड पाण्याने धुवा. पेटीतल्या जुन्या रीड (माउथपीसवर बांधायच्या पातळ पट्ट्या) टाकून द्या. पेटीचे अस्तर मात्र उन्हात दोन दिवस उघडे ठेवून कोपऱ्यांत कसरीच्या अळ्या आहेत का ते पाहा, नाहीतर नवी पॅडही त्यांच्याच पोटात जातील.