आधी कामाचं विचार

अनेक आशीर्वाद.

मच्छीमारांच्या आठवणी रेकॉर्ड करण्यासाठी केलेली तुझी प्रश्नावली वाचली. त्यातला 'तुमचं बालपण कसं होतं?' हा पहिला प्रश्न काढून टाक. त्यावर माणसं 'कष्टात गेलं' म्हणतात आणि गप्प बसतात. कामाचं विचार. जाळं विणायला कोणी शिकवलं? सुताचं जाळं कुजू नये म्हणून काय करायचे? इंजिन आल्यावर होडीवरची किती माणसं कमी झाली? जमलं तर हातात जुनं जाळं देऊनच रेकॉर्डिंग सुरू कर. बोटं विणीवरून फिरू लागली की गाठ चुकल्यावर खाल्लेला मारही आठवतो आणि भावाभावांनी होडी कशी वाटून घेतली तेही.

सन विचारत बसू नकोस. उधाण, वादळ, नवी होडी, कुणाचं तरी लग्न, असाच काळ सांगितला जाईल. वर्ष मागाहून जुन्या वर्तमानपत्रांतून जुळव. जुळलं नाही तरी त्यांचं म्हणणं खोडू नकोस. इटलीतल्या तेर्नी शहरात लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे कित्येकांनी तो १९५३ च्या कामगारकपातीच्या वेळी मेला असं सांगितलं. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने ती चूकच मोलाची मानली, कारण लोकांना काय सलत होतं ते तिच्यातून कळलं.

बायकांना वेगळं भेट. नवरा समोर असला की त्या 'यांनाच विचारा' म्हणतात. पण मासळीचा भाव, उधारी, गहाण पडलेले दागिने, होडी परतली नाही त्या रात्री घरात काय चाललं होतं, हे सगळं त्यांच्याकडे असतं. बुडालेल्या माणसाचा विषय आपण होऊन काढू नकोस. त्यांनी काढला तर मध्ये बोलू नकोस, आणि रेकॉर्डिंग थांबवू का, हे मात्र विचार.

आणखी एक. मासे लागणारी जागा किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून ओळखतात. कुठलं झाड, कुठला डोंगर, हे त्या घराचं धन. विश्वासाने सांगितलं तरी ते बाहेर जाऊ देऊ नकोस. परवानगीच्या कागदावर ही अट स्पष्ट लिही.

माइकला वाऱ्यासाठी फोमची टोपी लाव आणि फाइलच्या तीन प्रती ठेव, एक दुसऱ्या गावी.

पहिलं रेकॉर्डिंग आधी त्या घराला ऐकव. त्यांनी नको म्हटलेला भाग काढ, मगच मला पाठव.