पूर्व भागातल्या मुली आणि लीड्सची पीएच.डी.

इंग्लंडमधल्या लीड्सहून एका सोलापूरकर मुलीचं पत्र आलंय. वय छत्तीस, पदरात आठ वर्षांची लेक. सहा वर्षं ती सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या मुलींसाठी अभ्यासिका चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेचं काम बघते. वर्षातले दोन महिने इथे, बाकी सगळं फोनवर. आता तिकडच्या एका विद्यापीठाने तिला स्टायपेंडसकट पीएच.डी.ची जागा देऊ केली आहे. ती लिहिते, "काकू, नवरा म्हणतो घे. बाबा म्हणतात, आणखी एका डिग्रीने त्या पोरींचं काय भलं होणार? संस्थेतल्या ताई काहीच बोलत नाहीत, फक्त विचारतात, जूनमध्ये येणार ना?"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्या पानावर तू जाता जाता लिहिलंयस की नववीत गेल्या की मुली गळतात, घरचे दरवेळी वेगळं कारण सांगतात आणि तुला ते पटत नाही. तुझी पीएच.डी. त्या एका ओळीत आहे. ती ओळ नसती तर मी तुला संस्थेतच राहा म्हटलं असतं. मला विचारशील तर जागा घे.

संस्थेच्या कामात या ओळीमागे जायला वेळच मिळत नाही. फी भरायची असते, वह्या आणायच्या असतात, देणगीदाराला फोटो पाठवायचे असतात. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते. आईचे हजार पुरे व्हावेत म्हणून शाळेतून आलेली मुलगी पानं कापते, दोरा बांधते, आणि हिशेबाच्या पुस्तकात तिचं नाव कुठेच नसतं. नववीचा अभ्यास वाढतो तेव्हा त्या घरात नेमकं काय मोडतं? कुंभारीच्या घरकुलात राहायला गेलेल्या घरात आणि अशोक चौकातल्या भाड्याच्या खोलीत उत्तर एकच येतं का? २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विडीवरचा उपकर गेला. कामगारांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या ज्या कल्याण निधीतून चालत, तो याच उपकरावर उभा होता. त्यानंतर या घरांत काय बदललं, हे उंबऱ्याच्या आत बसून विचारायला हवं. तेही तेलुगूत, कारण तिथल्या कितीतरी बायका दुखणं मराठीत सांगत नाहीत. तुला मोडकं का होईना, तेलुगू येतं. लीड्समधल्या दुसऱ्या कुणाला येतं?

बाबांनी डॉ. कोटणिसांचं उदाहरण दिलं, असंही तू लिहिलंयस. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, त्यांचं नाव ऐकतच आपण मोठे झालो. १९३८ मध्ये ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. पण बाबांना सांग, ते नुसतं मन घेऊन गेले नव्हते, डॉक्टरी शिकून गेले होते.

आता पैशाचं. ब्रिटनच्या सरकारी संशोधन परिषदांचा किमान स्टायपेंड २०२५-२६ साली वर्षाला २०,७८० पौंड होता. तुझ्या पत्रातला आकडा याच्याशी ताडून बघ, आणि फीमाफी पूर्ण आहे की अर्धी, हे लेखी घे. पूर्णवेळ केलीस तर तीन-चार वर्षं, अर्धवेळ केलीस तर साधारण दुप्पट. लेक लहान आहे, पण अर्धवेळ नको. आठ वर्षं दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभं राहणं फार थकवतं.

पासपोर्टचा विचार मात्र आजच कर, कारण यात पुष्कळ जण अडकतात. ब्रिटिश नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या कार्डावर, आलीस, तर मार्च २०२१ च्या नियमाप्रमाणे भारतात संशोधन करायला खास परवानगी लागते. देणगीचंही तसंच आहे. भारतीय पासपोर्टवर असताना स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. नागरिकत्व बदललं की धरतात, आणि मग संस्थेला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. फील्डवर्क संपेपर्यंत नागरिकत्वाचा अर्ज लांबवता आला तर लांबव.

एक गोष्ट मी हट्टाने सांगणार. जिच्या मुलीची फी तू भरतेस, ती बाई तुझ्या प्रश्नांना नाही म्हणू शकत नाही. ती चहा करील आणि तुला आवडेल तेच सांगेल. म्हणून या वर्षांत कुणाला मदत द्यायची, हे तू ठरवू नकोस. ते ताईंच्या हातात दे. आणि नुसती जबाबदारी देऊ नकोस, सहीचा अधिकार दे, पगार वाढव. त्या जूनचं विचारतात ते तुझ्या आठवणीने नाही गं. तू नसताना चेकवर सही कोण करणार, ही त्यांची काळजी आहे.

मीही पीएच.डी.ला नाव घातलं होतं, तुझ्यापेक्षा थोडी लहान असताना. नोकरी, सासूबाईंचं आजारपण आणि वर्षानुवर्षं प्रकरणं परत न देणारे मार्गदर्शक, यात चौथ्या वर्षी सोडली. बायकांनी सांगितलेलं लिहून घेतलेल्या अकरा वह्या अजून ट्रंकेत आहेत. त्यांतली एक आजी मंगळवार बाजारात भेटते, आता दिसत नाही तिला नीट. आवाजावरून ओळखते आणि विचारते, "बाई, माझं लिहिलेलं कुठं छापलं?" माझ्याकडे उत्तर नसतं. या वह्या तुला हव्या असतील तर घेऊन जा. पण आधी त्या आजीला आणि ज्या हयात आहेत त्या सगळ्यांना विचारायचं, मी येईन बरोबर.

विद्यापीठाला हो कळव, पण संस्थेला फोनवर सांगू नकोस. जूनमध्ये ये, शाळा उघडतात त्या आठवड्यात, आणि ताईंच्या समोर बसून सांग. येताना बँकेचे सहीबदलाचे कागद भरून आण.