बॉस हलवायच्या आधी सांग

शाहूपुरी, सातारा

प्रिय धाकट्या दोस्ता,

तू पाठवलेलं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या रेडचं, म्हणजे वीस जणांनी मिळून एका बलाढ्य शत्रूशी, बॉसशी, केलेल्या लढाईचं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत पाहिलं, काही ठिकाणी थांबवून, मागे नेऊन पाहिलं. तू विचारलं होतंस की ढाल बदलू का, आयटम लेव्हल (सामानाचा दर्जा) अजून वाढवू का, की वॉरियर सोडून पॅलाडिन हे दुसरं पात्रच घेऊ. यातलं काहीच करू नकोस. तुझं सामान त्या बॉसला पुरतं आणि बटणंही तू बऱ्यापैकी वेळेवर दाबतोस. अडचण अशी आहे की पुढच्या पाच सेकंदांत तू काय करणार आहेस, हे तुझ्या रेडमधल्या बाकी एकोणीस जणांना कळत नाही.

तू टँक आहेस, म्हणजे बॉसला स्वतःकडे खेचून त्याचा मार अंगावर घेणारा. मार खाणं हा त्या कामाचा सोपा भाग आहे. बॉसचं तोंड कुठे असेल, तो कधी हलेल, पुढचा मोठा फटका कुणावर बसेल, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असणं, हे अवघड काम. हीलर, म्हणजे बाकीच्यांना बरं करणारा, लांबलचक कास्ट (मंत्र) सुरू करतो तो तू तिथेच असशील या भरवशावर. रोग (rogue), म्हणजे मागून वार करणारं पात्र, बॉसच्या पाठीला चिकटतो तो पाठ तिकडेच राहील या भरवशावर. पुण्याहून येताना खंबाटकीच्या वळणांवर एसटीचा ड्रायव्हर गाडी सफाईनं काढतो म्हणून मागच्या सीटवरच्या माणसाची झोप मोडत नाही. तुझ्यामागच्या लोकांना तसं निर्धास्त खेळता आलं पाहिजे.

आधी हलण्याबद्दल बोलते, कारण मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. तू बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ खेळत मोठा झालास. तिथे एका जागी उभा राहिला तो मेला, म्हणून पाय सतत चाळवत ठेवायची सवय तुझ्या बोटांत बसली आहे. इथे तू दोन पावलं डावीकडे सरकलास की बॉस तुझ्याकडे वळतो, त्याची पाठ फिरते आणि मागून मारणारे सहा-सात जण एकदम त्याच्या कुशीला, कधी समोर येतात. समोरून आलेले वार बॉस परतवू शकतो, म्हणजे त्यांचं डॅमेज घटतं. वर त्याचा समोरचा झपाटा त्यांच्यावर बसतो. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये चौथ्या पुलला, म्हणजे लढाईच्या चौथ्या प्रयत्नात, दोन रोग आणि एक मंक असेच गेले. गिल्डमध्ये, म्हणजे तुमच्या संघात, कुणी काही बोललं नाही, पण ते तिघे तुझ्या पावलांमुळे मेले.

बॉस एकदा जागेवर आला की पाय रोवून उभा राहा. बोटं चाळवली तरी पात्र हलता कामा नये.

हलवायचंच असेल तर मागे सरकायला एस दाबू नकोस. वॉरक्राफ्टमध्ये पात्र पुढे किंवा आडवं धावताना सेकंदाला 7 यार्ड जातं, मागे पाय टाकत फक्त 4.5. आणि बॉसला पाठ दाखवून पळालास तर मागून आलेले वार ढालीनं अडवता येत नाहीत, शस्त्रानं परतवताही येत नाहीत; हीलरला अचानक दुप्पट काम पडतं. म्हणून आडवं चालायला शीक. तोंड बॉसकडे, चाल तिरकी, क्यू आणि ई वर आडव्या चाली, वळायचं काम माउसकडे. ए आणि डी वरची वळायची बटणं काढूनच टाक. सराव असा कर: उघड्या माळावर एखादं साधं जनावर अंगावर घे आणि त्याला एका झाडाभोवती फिरव. पूर्ण फेरीत ते एकदाही तुझ्या पाठीमागे आलं नाही पाहिजे. कंटाळवाणं आहे, पण हात असाच बसतो.

जमलं तर क्लासिकमध्ये, म्हणजे याच खेळाच्या जुन्या आवृत्तीत, जाऊन ओनिक्सिया टँक कर. 2004 च्या मूळ खेळातली ही ड्रॅगन 40 जणांच्या रेडसाठी बनवली होती. आजच्या बॉसांच्या मानानं तिच्याकडे मोजक्याच करामती आहेत, पण उभं कुठे राहायचं याचं शिक्षण तिच्याइतकं स्वच्छ कुणी देत नाही. समोर आग आणि पंजाचा झपाटा. मागे शेपटीचा तडाखा, आणि तो बसला की माणूस उडून पिल्लांच्या अंड्यांत पडतो, पिल्लं बाहेर निघतात. म्हणजे रेडला उभं राहायला तिच्या दोन कुशीच उरल्या. पंखांचा फटका टँकला मागे ढकलतो, म्हणून टँकनं पाठ भिंतीला लावायची. 65 टक्क्यांवर ती उडते, 40 टक्क्यांवर खाली येते. उडत असताना लांबून मारणारे तिच्या ‘आधी कुणाला मारायचं’ या यादीत वर चढलेले असतात, म्हणून ती उतरल्यावर सगळ्यांनी हात थांबवायचे आणि टँकनं तिला पुन्हा त्याच भिंतीशी न्यायचं. तिसऱ्या टप्प्यात तिची डरकाळी सगळ्यांना भेदरवून पळवते. टँकही पळत सुटला तर तिचं तोंड फिरतं, आणि आग रेडवर. वॉरियरकडे त्यासाठी बर्सर्कर रेज आहे. डरकाळीच्या आधी दाबलं की पाय जागेवर राहतात. ही एक लढाई नीट केलीस की तुला दिसेल, प्रत्येकानं कुठे उभं राहायचं हे टँकच्या पाठीमागच्या भिंतीनं ठरवलं होतं.

आता थ्रेट, म्हणजे शत्रूच्या त्या यादीत कोण वर ते ठरवणारा आकडा. आजच्या खेळात टँकला थ्रेट भरपूर मिळतो, त्यामुळे एकट्या बॉसवर पहिल्या काही सेकंदांनंतर त्याची काळजी फारशी उरत नाही. तरी गणित माहीत असू दे: कुणी तुझ्या थोडा पुढे गेला म्हणून बॉस लगेच वळत नाही. जवळून मारणारा तुझ्या 110 टक्क्यांच्या वर जावा लागतो, लांबून मारणारा 130 च्या.

तुझी गडबड होते ती लढाईच्या मधेच येणाऱ्या जादा शत्रूंवर, म्हणजे अ‍ॅड्सवर. असं का होतं ते बघ. बरं करण्याचाही थ्रेट लागतो आणि तो लढाईत असलेल्या सगळ्या शत्रूंमध्ये वाटला जातो. नव्यानं दारातून आलेल्या अ‍ॅडला अजून कुणी हात लावलेला नसतो, म्हणून त्याच्या यादीत एकटा हीलर असतो. तो हीलरकडे धावणारच. तू अ‍ॅड दिसल्यावर त्याच्यामागे पळतोस, म्हणजे कायम दोन पावलं उशिरा. अ‍ॅड कुठून आणि कधी येणार हे टायमरवर लिहिलेलं असतं. तेव्हा काही सेकंद आधी सांग, ‘बॉस दाराकडे नेतोय’, मग ने, आणि अ‍ॅड टप्प्यात आल्या क्षणी थंडर क्लॅप, आजूबाजूच्या सगळ्यांना एकदम लागणारा तुझा वार. हीलरलाही सांगून ठेव की अ‍ॅड अंगावर आला तर माझ्याकडे पळत ये. घाबरलेला माणूस टँकपासून लांब पळतो. हे आधी बोलून ठेवलं नसेल तर ऐन वेळी कुणाला सुचत नाही.

टाँट, म्हणजे शत्रूला डिवचून स्वतःकडे ओढायची चाल, तिचं असं आहे. टाँट मारलं की तुझा थ्रेट यादीतल्या सगळ्यात वरच्याइतका होतो आणि बॉसला 3 सेकंद तुलाच मारावं लागतं. इतकंच. त्या 3 सेकंदांत तू जोरात मारलं नाहीस तर बॉस परत जाऊ शकतो. आणि ज्याच्याकडून घेतलास त्या टँकनं त्या वेळी हात जरा आवरते घ्यायचे. तुम्हा दोन टँकांत अदलाबदल होते ती बहुधा बॉसनं लावलेल्या डिबफमुळे, म्हणजे तुला कमजोर करणाऱ्या शापामुळे: एकेक थर चढत जातो, दोन-तीन थरांनंतर पुढचा फटका झेपत नाही. तुम्ही दोघे सध्या ‘तीन झाले की घे’ यावर चालता, पण तिसरा थर दिसल्यावर तू घेतोस तोवर चौथा येतो. युरोपच्या सर्व्हरवर सांगलीहून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) शंभर मिलिसेकंदांच्या खाली येणार नाही, त्यात तुझ्या डोळ्यांना आणि बोटांना लागणारा वेळ. थराकडे बघून घेऊ नकोस, बॉसच्या कास्टकडे बघून घे. तिसरा थर लावणारा फटका कुठला हे माहीत असतं. त्याचा कास्ट संपत आला की मोज, फटका बसला की टाँट. दुसऱ्या टँकची फ्रेम (तब्येत दाखवणारी चौकट) फोकसवर ठेव, स्वतःच्या फ्रेमच्या शेजारी, तेवढीच मोठी. त्याची तब्येत तुझ्याइतकीच तुझी जबाबदारी आहे.

कूलडाऊन, म्हणजे एकदा वापरल्यावर बराच वेळ परत न मिळणारे बचाव, त्यांबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. तुझ्या सहाव्या पुलचा लॉग (लढाईची नोंद) पाहिला. मोठा फटका बसला, तब्येत 20 टक्क्यांवर आली, आणि मग तू शील्ड वॉल दाबलीस. शील्ड वॉल 8 सेकंद 40 टक्के मार कमी करते. त्या 8 सेकंदांत बॉस नुसते साधे वार करत होता. हीलरनं तुला केव्हाच वर काढलं होतं. पुढचा मोठा फटका आला तेव्हा तुझ्याकडे काहीच नव्हतं. तब्येतीची पट्टी खाली गेली की बोट शील्ड वॉलवर जातं, हे मी समजू शकते. पण पट्टी भरणं हीलरचं काम आहे. तुझं काम पट्टी कोसळायच्या आधीचं. त्या बॉसचे मोठे फटके वेळापत्रकानं येतात. एक कागद घे, फटक्यांच्या वेळा उतरव आणि प्रत्येकासमोर लिही: पहिल्याला माझी शील्ड वॉल, दुसऱ्याला प्रीस्टचं (तुमच्या हीलरचं) पेन सप्रेशन हे मार कमी करणारं कवच, तिसऱ्याला दुसरा टँक घेईल. हा कागद हीलरांना दाखव. कुठे तू उघडा असशील ते त्यांना कळलं की ते तिथे मोठे उपाय राखून ठेवतील.

आणि दोन मोठी कूलडाऊन एकदम टाकू नकोस. ती बेरजेनं लागत नाहीत, गुणाकारानं लागतात. 40 टक्क्यांची दोन एकत्र टाकलीस तर 80 टक्के बचत होत नाही. 60 चे 60 टक्के म्हणजे 36 टक्के मार बसतोच, बचत 64. वेगवेगळ्या फटक्यांवर टाकलीस तर दोन्ही वेळा पूर्ण 40. एकच फटका जीव घेणारा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे खुशाल टाक.

बोलण्याबद्दल. तू गप्प खेळतोस. आधी मला वाटलं तुला इंग्रजीची भीती असेल, मग लक्षात आलं की पलीकडच्या खोलीत आजी झोपलेल्या असतात. युरोपात रात्री 8 चा रेड म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेबारा. विश्रामबागेतल्या तुमच्या फ्लॅटमध्ये त्या वेळी जोरात ‘टाँट’ ओरडणं शक्य नाही, आणि गरजही नाही. माइक तोंडाजवळ घे, पुश टू टॉक (बटण दाबल्यावरच माइक सुरू) ठेव आणि हळू पण आधी बोल. ‘मूव्हिंग लेफ्ट इन थ्री’ इतकं पुरे. झालेल्या गोष्टीचं समालोचन करू नकोस, ते सगळ्यांना दिसतंच. आवाजात घाई आली की वीस जणांच्या हातात घाई येते. हे मी बऱ्याच गिल्डमध्ये पाहिलं आहे. चांगला टँक बॉस 5 टक्क्यांवर असतानाही पहिल्या मिनिटासारखाच बोलतो.

घरच्यांनाही असंच आधी सांग. रेड कुठल्या रात्री, किती वाजेपर्यंत, हे आईला माहीत असू दे. परीक्षेच्या आठवड्यात येणार नाही हे गिल्डला दोन आठवडे आधी कळव. टँक ऐन वेळी नसला की बाकीचे नुसते बसून राहतात. आठवड्यात दोनच रात्री रेड करणारी गिल्ड मिळत असेल तर ती निवड. तुझी झोप मला तुझ्या आयटम लेव्हलपेक्षा महत्त्वाची वाटते, आणि हे मनापासून लिहितेय. राउटर छोट्या यूपीएसवर लाव, लॅपटॉपला वायफायऐवजी केबल जोड. लाईट गेली तरी निदान ती लढाई पुरी होईल.

वाइप झाल्यावर, म्हणजे सगळे मेल्यावर, तू ‘सॉरी, सॉरी’ म्हणत राहतोस. एकदा म्हण आणि लगेच काय झालं ते सांग: ‘बॉस लवकर वळवला, पुढच्या वेळी कास्ट संपेपर्यंत थांबेन.’ ऐकणाऱ्याला त्यातून पुढचा पुल कळतो. कुणी तुझ्यावर खापर फोडलं आणि चूक तुझी नव्हती, तर तिथे वाद घालू नकोस. लॉग उघड, मृत्यूंचा क्रम बघ, दुसऱ्या दिवशी शांतपणे दाखव. पहिला कोण मेला आणि त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत बॉस कुठे होता, एवढं पाहिलं तरी बरंच उलगडतं.

एक मागणं आहे. महिनाभर दुसरं एखादं पात्र घेऊन हीलर खेळ, साध्या डंजनमध्ये, म्हणजे छोट्या गटाच्या मोहिमेत. अनोळखी टँकच्या मागे धावताना, त्याला लांबून नजरेत ठेवताना, तो खांबाआड गेला म्हणून तुझा कास्ट तुटताना तुला जे वाटेल ते मी पत्रात लिहू शकत नाही.

बुधवारी रिसेट आहे, बॉस पुन्हा नव्यानं उभे राहतील. त्याआधी फटक्यांचा तो कागद तयार कर आणि फोटो काढून मला पाठव. दुसरा आणि चौथा फटका तू कशानं झेलणार आहेस ते मला बघायचं आहे; मला वाटतं चौथ्याला तुम्हा दोघांकडेही काही उरत नाही, तिथे प्रीस्टला आधी विचारावं लागेल.

तुझी,
ताई