कॉक्सिडिया पुन्हा पुन्हा का निघतात : मात्रा वाढवण्याआधी पिंजरा तपासा

आपल्या दीड वर्षाच्या नर व्हेल्ड शॅमेलिऑनच्या (रंग बदलणाऱ्या सरड्याच्या) विष्ठेत कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, सापडले, औषधाचे दोन कोर्स झाले, मधली एक तपासणी स्वच्छ आली आणि तीन आठवड्यांनी अहवालात ते पुन्हा दिसले. आता तिसऱ्या कोर्सला मात्रा दुप्पट करावी का, असे आपण विचारले आहे. हे वाचताना माझ्याच जुन्या नोंदवहीचे पान कोणीतरी समोर उघडून ठेवले आहे, असे वाटले. म्हणून सविस्तर लिहितो. मी पशुवैद्य नाही, त्यामुळे औषधाचे प्रमाण इथे सांगणार नाही आणि आपणही ते कोणा अनोळखी माणसाकडून घेऊ नये, अशी विनंती आहे.

माझे मत स्पष्ट आहे : मात्रा दुप्पट करू नका. दोन योग्य कोर्सनंतरही कॉक्सिडिया परतत असतील, तर बहुतेक वेळा दोष औषधात नसून पिंजऱ्यात असतो. हे कळायला मला अकरा आठवडे लागले आणि त्या काळात माझ्या नराचे वजन १४६ ग्रॅमवरून १०८ ग्रॅमवर आले.

सुरुवातच चुकीची झाली. ज्या दवाखान्यात मी त्याला नेले, तिथे विष्ठेचा नमुना कोणी मागितलाच नाही. 'सरपटणाऱ्या प्राण्यांना जंत असतातच' असे सांगून फेनबेंडाझोल दिले गेले आणि दोन आठवड्यांनी तेच पुन्हा द्यायला सांगितले. हे औषध गोल कृमींवर चालते. कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवी असल्याने त्याचा त्यांच्यावर काही उपयोग होत नाही, आणि जास्त मात्रेत किंवा वारंवार दिल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अस्थिमज्जेवर त्याचा वाईट परिणाम होऊ शकतो. हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. मी आग्रह धरल्यावर विष्ठा तपासली गेली, कॉक्सिडिया निघाले आणि योग्य औषध सुरू झाले. विष्ठा घट्ट झाली, तो पुन्हा जीभ टाकू लागला, मी निश्चिंत झालो. तीन आठवड्यांनी दुर्गंधी आणि चिकट श्लेष्मा पुन्हा दिसू लागला. दवाखान्याने दुसरा कोर्स दिला, मग तिसरा, वाढीव मात्रेचा. तिसऱ्यानंतर त्याने सहा दिवस काहीही खाल्ले नाही, दुपारी डोळे मिटून फांदीवर बसून राहू लागला आणि युरेटचा, म्हणजे विष्ठेसोबत पडणाऱ्या घट्ट मूत्राचा, पांढरा भाग नारिंगी झाला, म्हणजे शरीरात पाणी कमी पडू लागले होते. एवढ्या भेटींत पिंजरा कसा आहे, खाद्य कसे देता, हे मला एकदाही विचारले गेले नाही. त्याचा राग अजूनही गेलेला नाही. पण ती गोष्ट माझ्याही मनात आली नाही, याची खंत त्याहून मोठी आहे.

उलगडा झाला तो एका रात्री. पिंजऱ्यातले दिवे मालवून तासभर झाला होता आणि तो झोपला आहे का, हे पाहायला मी टॉर्च घेऊन गेलो. मनी प्लांटच्या कुंडीत, खोडाच्या आडोशाला, मातीवर दोन-तीन दिवसांपूर्वीची विष्ठेची एक गोळी पडली होती. वरून वाळलेली, पण टोकाचा पांढुरका भाग अजून ओळखू येत होता. तिच्याभोवती तीन रातकिडे बसून तिच्या कडा कुरतडत होते. हे मीच दोन दिवसांपूर्वी सोडलेले आणि त्याने न खाल्लेले रातकिडे होते. सकाळी दिवा लागला, त्यांतला एक जाळीवरून वर चढला आणि माझ्या डोळ्यांदेखत जिभेवर चिकटून तोंडात गेला. तीन कोर्सची मेहनत का वाया गेली, ते त्या एका घासात कळले.

कारण सोपे आहे. शॅमेलिऑनमध्ये सहसा आढळणाऱ्या कॉक्सिडियांना दुसरा यजमान, म्हणजे मध्ये आणखी एखादा प्राणी, लागत नाही. विष्ठेबरोबर बाहेर पडलेले त्यांचे ऊसिस्ट, म्हणजे जाड कवचाचे कोष, उबदार आणि ओलसर जागी थोड्याच दिवसांत पक्व होतात आणि त्यानंतर पोटात गेले की संसर्ग होतो. आपण पाण्याचे फवारे मारून, दिवा लावून, झाडे ठेवून शॅमेलिऑनसाठी जे वातावरण उभे करतो, ते या कोषांनाही मानवते. विष्ठा खाल्लेला रातकिडा त्यांना थेट शॅमेलिऑनच्या तोंडापर्यंत नेऊन पोहोचवतो. पानावर उडालेला शिंतोडा आणि त्यावरून चाटलेला पाण्याचा थेंबही तेच काम करतो. औषध आतड्यातल्या परजीवींवर काम करते, कुंडीतल्या मातीवर करत नाही.

त्यामुळे तिसरा कोर्स सुरू होईल त्याच दिवशी पिंजरा रिकामा करा. माती असलेली प्रत्येक कुंडी बाहेर काढा. खाली साधा टिश्यू पेपर घाला, म्हणजे विष्ठा लगेच दिसेल, आणि ती दिसली की कागदासकट उचला. उद्यावर टाकू नका. कीटक मोकळे सोडणे पूर्ण बंद करा. गुळगुळीत, उभ्या भिंतींचा प्याला फांदीच्या उंचीवर बांधा, त्यात मोजून कीटक घाला आणि संध्याकाळी उरलेले काढून टाका. माझा नर पहिले चार दिवस प्याल्याकडे पाहतही नव्हता. पाचव्या दिवशी प्याल्याच्या काठावर चढलेला एक किडा त्याला दिसला आणि तिथून त्याला सवय लागली. लाकडी फांद्या मी फेकून दिल्या, कारण सच्छिद्र लाकूड खात्रीने स्वच्छ होत नाही.

निर्जंतुकीकरणाबाबत अनेकांची फसगत होते, म्हणून थोडे थांबतो. घरातले ब्लीच या कोषांवर फारसे चालत नाही. आधी घासून सगळी घाण काढणे आणि मग उकळते पाणी किंवा वाफ, हाच मला भरवशाचा मार्ग वाटतो. अमोनियाचे द्रावण परिणामकारक असते, पण त्याची वाफ त्रासदायक असते. ते वापरायचेच असेल तर प्राणी दुसऱ्या खोलीत ठेवा, खिडक्या उघडा, नंतर सर्व काही भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा, आणि ब्लीचमध्ये ते कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू तयार होतो. हे काम स्वयंपाकघराच्या मोरीत करू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो, तेव्हा हात साबणाने धुणे आलेच.

रिकाम्या पिंजऱ्यात शॅमेलिऑन उघडा पडतो आणि घाबरतो, हा आक्षेप खरा आहे. घाबरलेल्या प्राण्याची प्रतिकारशक्ती खालावते. म्हणून मी प्लॅस्टिकच्या वेलींचे दोन संच ठेवले होते. एक पिंजऱ्यात असे, दुसरा उकळत्या पाण्यातून काढून सुकत असे, आणि दर तीन दिवसांनी अदलाबदल. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना बाहेरून कापड लावले. उष्णतेचा दिवा मात्र काढू नका. शरीर पुरेसे तापले नाही तर पचन मंदावते आणि औषधही नीट काम करत नाही. औषध सल्फा गटातले असेल तर पाण्याकडे दुप्पट लक्ष द्या, कारण शरीर कोरडे असताना त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. युरेट नारिंगी दिसत असेल तर औषधाआधी डॉक्टरांशी पाण्याबद्दल बोला.

एका स्वच्छ अहवालावर विसंबू नका, हेही सांगायला हवे. कोष रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाहीत. आपली मधली 'स्वच्छ' तपासणी एकाच नमुन्याची होती, असे आपल्या लिहिण्यावरून दिसते. कोर्स संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सुरुवात करून, काही दिवसांच्या अंतराने तीन नमुने द्या. नमुना ताजा हवा. वाळू नये म्हणून झाकणाच्या छोट्या डबीत बंद करा आणि लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. तरंगवून केलेली तपासणी आणि ओल्या काचपट्टीवरची थेट तपासणी, दोन्ही करा, असे सांगा, कारण फ्लॅजेलेट (शेपटीसारख्या धाग्याने हलणारे एकपेशीय जीव) जिवंत हालचाल करताना ताज्या नमुन्यातच ओळखू येतात.

जाता जाता एक सूचना : अहवालात पिनवर्म या बारीक गोल कृमींची थोडी अंडी आली, तर लगेच घाबरू नका. रातकिडे आणि झुरळे यांच्या पोटातलेही कृमी शॅमेलिऑनच्या आतड्यातून जसेच्या तसे बाहेर पडतात आणि ते त्याचेच समजले जातात. विष्ठा न तपासता दर काही महिन्यांनी जंताचे औषध देण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. काही अनुभवी पाळणारे याच्याशी सहमत नाहीत, हे मला माहीत आहे. पण माझ्या प्राण्याने त्याची किंमत मोजली आहे.

पिंजरा रिकामा केल्यानंतर माझ्या नराला दुसऱ्या एका पशुवैद्याकडे एकच कोर्स दिला. तिथे मला विचारलेला पहिला प्रश्न 'कीटक मोकळे सोडता का?' हा होता. पुढच्या दहा आठवड्यांत तिन्ही नमुने स्वच्छ आले आणि वजन १३९ ग्रॅमवर पोहोचले. वजन दर आठवड्याला त्याच वेळी, काट्यावर छोटी फांदी बांधून घ्या. विष्ठेत काही दिसण्याआधी ते घसरते, असा माझा अनुभव आहे. नवीन माती आणि नवीन रोप मी तिसऱ्या नमुन्यानंतरच आत ठेवले, मातीवर मोठे गोटे पसरून.

कीटक आपण कसे देता आणि पिंजऱ्यात मातीची कुंडी आहे का, हे आपण लिहिलेले नाही. आज रात्री दिवे गेल्यावर तासाभराने एकदा टॉर्चने खाली पाहा आणि काय दिसले ते कळवा.