आधी मिसिसिपी बघ

अरे, अमेरिकेच्या पक्षांचा अभ्यास करायचा तर आजचे लाल-निळे नकाशे (लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट) आधी बाजूला ठेव. ते रंग २००० च्या निवडणुकीनंतर पक्के झाले. लिंकन रिपब्लिकन, म्हणून आजचे रिपब्लिकन त्याचे थेट वारस, ही नवख्यांची नेहमीची चूक. (मीही केली आहे.) पाटी तीच, दुकानातला माल बदललेला.

दक्षिणेतलं एकच राज्य धर, मिसिसिपी. १९३६ मध्ये तिथे डेमोक्रॅट रूझवेल्टला सुमारे ९७ टक्के मतं. १९६४ मध्ये रिपब्लिकन गोल्डवॉटरला ८७ टक्के! त्याच वर्षी डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली होती आणि गोल्डवॉटरने सिनेटमध्ये त्याविरुद्ध मत दिलं होतं. दोन्ही वेळा मतदार बहुतेक गोरेच, कारण कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूरच ठेवलं होतं. हे विसरलास तर आकडे फसवतील.

पण एका रात्रीत सगळं फिरलं असंही समजू नकोस. १९७६ मध्ये मिसिसिपी पुन्हा डेमोक्रॅटांकडे, म्हणजे कार्टरकडे गेलं. शेजारच्या अलाबामात विधिमंडळ रिपब्लिकनांकडे यायला २०१० उजाडलं. म्हणून राष्ट्राध्यक्षपदाचे निकाल बघून थांबू नकोस, राज्यांचे निकालही शेजारी मांडून बघ.