३०० ऑर्क, पाच प्लेअर आणि एक रविवार

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या खेळाबद्दलचा तुझा प्रश्न थोडक्यात असा: लेव्हल ७ चे पाच प्लेअर, पुढच्या रविवारी गावावर ३०० ऑर्क (राक्षसी लढवय्ये) चालून येणार, गावाकडे १२० पहारेकरी. हे टेबलावर चालवायचं कसं, आणि त्यासाठी सैन्याच्या लढाईचे वेगळे नियम घ्यावेत का?

या रविवारसाठी तरी घेऊ नकोस. नवे नियम समजावण्यातच अर्धं सेशन जाईल आणि प्लेअर आपली कॅरेक्टर सोडून पलटणी सरकवत बसतील. गंमत म्हणजे हा खेळ जन्मला सैन्याच्या लढायांतूनच. १९७१ च्या 'चेनमेल'मध्ये एक बाहुली म्हणजे २० माणसं असा हिशेब होता. १९७४ साली त्यातून डंजन्स अँड ड्रॅगन्स निघालं, आणि एक बाहुली म्हणजे एकच माणूस झाला. आता तीच बाहुली ३०० वेळा मांडायला गेलास तर मरशील.

मी हे केलंय. फक्त ४० ऑर्क होते, प्रत्येकाचा वेगळा डाइस. पहिला राउंड संपायला सव्वा तास लागला. आमची रोग (चोराचं कॅरेक्टर खेळणारी) तेवढ्यात खाली जाऊन सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आली, तरी तिची पाळी आली नव्हती.

आधी घरी बसून आकडे काढ. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये (खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकात) जमावाचा तक्ता आहे. फटक्यासाठी डाइसवर लागणारा आकडा म्हणजे समोरच्याचा एसी (बचावाचा आकडा) वजा हल्लेखोराचा बोनस. आकडा ६ ते १२ असेल तर दर दोघांत एक फटका लागतो, १३-१४ ला तिघांत एक, १५-१६ ला चौघांत एक. डाइस टाकायचाच नाही. ऑर्कचा बोनस ५, तुझ्या पॅलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा) एसी १८, म्हणजे १३ हवेत. सहा ऑर्क त्याच्यावर पडले की दोन फटके, सरासरी ९ प्रमाणे १८ डॅमेज, पुढचा.

हाच तक्ता पहारेकऱ्यांना लावून बघ, मग पोटात गोळा येईल. उघड्या मैदानात १० ऑर्क विरुद्ध १० पहारेकरी: ऑर्कांचे पाच फटके, ४५ डॅमेज, ११ एचपीचे (जीवाच्या पॉइंटांचे) चार पहारेकरी गेले. पहारेकऱ्यांचेही पाच फटके, पण प्रत्येकी ४, एकूण २०. मेला जेमतेम एक ऑर्क. तेच पहारेकरी तटावर जंग्यांआड असतील तर एसी १६ चा २१ होतो, ऑर्कांना भाले फेकावे लागतात आणि १० जणांत दोनच फटके लागतात, १२ डॅमेज. एक माणूस पडतो. म्हणजे तुझी अख्खी लढाई 'तट टिकतो की नाही' यावर उभी आहे. प्लेअरांना हे कळू दे.

दुसरा धोका तुमचाच विझार्ड, म्हणजे जादूगार. त्याच्या फायरबॉल या आगीच्या मंत्राचं वर्तुळ २० फूट त्रिज्येचं, त्यात पाच फुटांचे साधारण ५० चौकोन येतात. दाटीने उभ्या ५० ऑर्कांपैकी डीसी १५ चा सेव्ह (बचावाचा डाइस, डीसी म्हणजे त्यावर गाठायचा आकडा) चुकणारे ३२-३३, आणि सरासरी २८ डॅमेजमध्ये ते सगळे खलास. सेव्ह जमलेल्यांना अर्धंच डॅमेज, त्यांच्याकडे एक एचपी उरतो. लेव्हल ७ ला तिसऱ्या लेव्हलचे तीन स्लॉट, म्हणजे तीन फायरबॉल असतात, हिशेब तूच कर. पहिला स्फोट मनसोक्त होऊ दे, त्याने लेव्हल ५ पासून याचीच वाट बघितली असेल. त्यानंतर मात्र ऑर्क पांगून येतील. ते क्रूर आहेत, बिनडोक नाहीत.

आता मुख्य गोष्ट. लढाई तू चालवायचीच नाहीस, ती मागे आपोआप चालू राहते. एका कागदावर सहा चौकोन काढ: 'तट शाबूत' पासून 'चौकात ऑर्क' पर्यंत. दर प्रसंगानंतर एक चौकोन खोड. प्लेअरांना तीन ठिकाणं दे, पण वेळ दोन ठिकाणांपुरताच ठेव: दरवाज्यावर येणारा ओंडका, पूल (गावकरी पार होऊन घंटा वाजेपर्यंत अडवायचा, बाजीप्रभू आणि तोफांचे आवाज तुला सांगायला नकोत), आणि मागच्या टेकडीवरचा ऑर्कांचा सरदार. प्रत्येक ठिकाणी आठ-दहा ऑर्क, नेहमीचं इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम), नेहमीची लढाई. एक ठिकाण जिंकलं की त्या वेळी चौकोन खोडायचा नाही. जे ठिकाण सोडलं तिथे काय झालं ते दोन वाक्यांत सांग, आणि त्यात त्यांच्या ओळखीचा एखादा माणूस असू दे. आमच्याकडे दारूच्या गुत्त्याचा म्हातारा मालक होता. अजून टोमणे ऐकतोय.

सरदार पडला की उरलेल्या ऑर्कांसाठी डीसी १० चा एकच विस्डम सेव्ह टाक, मोरालचा (धीर सुटण्याचा) पर्यायी नियम त्याच गाइडमध्ये आहे. चुकला तर पळाले. शेवटच्या ऑर्कपर्यंत कोणीही लढत नाही.

ओंडक्याचे एचपी मात्र आधी ठरवून ठेव. आमच्या बार्बेरियनने थेट त्याच्यावरच कुऱ्हाड घातली होती आणि मी पाच मिनिटं पुस्तक चाळत बसलो होतो.