ताई, या वयात डोक्यात शिरते का?

चाळिशीच्या आसपासचं कुणी पुन्हा कॉलेजचा फॉर्म भरायचा म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. फी किती, डिग्री चालते का, हे सगळं नंतर. आधी हेच: ‘या वयात डोक्यात शिरते का?’ माझं उत्तरही बरीच वर्षं ठरलेलं होतं. ते एका माणसानं मोडीत काढलं. त्याला विचारून, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, त्याची गोष्ट सांगते.

यवतमाळमधल्या वणीकडचा माणूस. वय 41. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर कामाला. कापसाची गाडी आली की भरलेलं वजन घ्यायचं, रिकामी झाली की पुन्हा घ्यायचं, वजाबाकी करून पावती फाडायची. हंगामात जेवायला उसंत नाही. बारावी 2002 साली झाली, त्याच वर्षी वडील गेले. तीन एकर कोरडवाहू आणि दोन बहिणींची लग्नं. कॉलेज राहिलं ते राहिलंच. मध्यंतरी जिनिंगमध्ये हिशेबनिसाची जागा निघाली, तर मालकानं पदवीधर पोरगा आणला, आणि त्या पोराला काम शिकवायला यालाच बसवलं. हे सांगताना तो चिडला नाही, नुसता हसला. पण तेव्हाच्या रागात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलं, पुस्तकं आली, आणि आता सोडून देतो म्हणत होता.

“मले काही आठवतच नाही पाहा, ताई. वाचतो, समजते, अन् लिहाले बसलो का सारं कोरं.”

‘लिहाले बसलो का’ हे तीन शब्द मी ऐकले आणि सोडून दिले. चूक तिथंच झाली. मी माझं नेहमीचं सुरू केलं: वयानं वेग थोडा मंदावतो खरा, पण शब्दांचा साठा कमी होत नाही, नवीन गोष्ट जुन्या अनुभवाला जोडायला मोठ्या माणसाला उलट सोपं जातं. खोटं यातलं काहीच नाही. तो मान हलवत होता, ग्रामसभेत साहेबाचं भाषण ऐकताना हलवतात तशी.

मग मी हुकमाचा पत्ता काढला. “काल गाड्या कोणत्या आल्या होत्या हो?”

“मारेगावची पिकअप, रिकामी सतराशे वीस. मंग कायरचा ट्रॅक्टर, ट्रॉलीसकट अडतीसशे साठ...” तो सलग अकरा गाड्या सांगून मोकळा झाला.

“बघा, एवढं आठवतं की!”

“हे काय आठवणं हाये, ताई? हे तं रोजचंच.”

पत्ता गेला फुकट. अशा युक्त्यांनी समोरच्यापेक्षा समुपदेशकालाच जास्त बरं वाटतं, हे मला त्या दिवशी मान्य करावं लागलं.

पुढच्या खेपेला बायको सोबत आली. “दिवसभर काटा, रातच्याले पुस्तक. वावर कोण पाहन? अन् एवढं करून थे डिग्री चालते तरी का?” तिचा प्रश्न सरळ होता, त्यामुळे उत्तरही सरळ देता आलं. मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. नाशिकचं हे विद्यापीठ 1989 पासूनचं, राज्य सरकारच्या कायद्यानं झालेलं. तीन वर्षांतच संपवलं पाहिजे अशी सक्ती नाही, हंगामात एखादा पेपर राहिला तर पुढे देता येतो. “मंग ठीक हाये,” म्हणाली. “पण पेरणीच्या टायमाले पुस्तक बंद.” हेही वाजवीच होतं.

त्याच दिवशी, चहा सांगायला उठता उठता, मी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. “परीक्षेसाठी सुट्टी पाहिजे असा मालकाला अर्ज लिहून ठेवा.” चहावाला जागेवर नव्हता, परत यायला मला दहाएक मिनिटं लागली.

कागदावर चार ओळी होत्या. पेन इतकं दाबून धरलेलं की अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं, आणि खालच्या कागदावर अक्षरं बोटाला लागत होती. वर टाकलेली तारीख मात्र छापल्यासारखी सुरेख. गेल्या वीस-बावीस वर्षांत या माणसानं आकडे, शेतकऱ्यांची नावं आणि सही सोडून काही लिहिलंच नव्हतं. एक वाक्य कागदावर उतरेस्तोवर पुढचं वाक्य डोक्यातून निसटत होतं. सारं कोरं होत होतं ते यामुळे. डोक्याच्या नावानं आम्ही दोघांनी उगाच दोन बैठका घालवल्या.

मी विचारलं, “हात दुखतो का?”

“हो ना. मनगटापासून थे कोपरापर्यंत. पण थे काय सांगाचं तुम्हाले?”

मग महिनाभर अभ्यास बंद. रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्रातला उतारा बघून लिहायचा, बस्स. कागद काट्यावरचेच, वाया गेलेल्या पावत्यांची कोरी बाजू. पेन जाड हवं म्हटलं, तर त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून पेनाला गुंडाळली. पकड सैल झाली आणि दाबणं आपोआप कमी झालं. बारावीतली पोरगी मोबाइलवर वेळ लावायची, “बाबा, थांबा, झाले पंधरा.” दहा मिनिटांत चार ओळींवरून होळीपर्यंत पाऊण पान झालं.

त्यानंतर पुस्तक उघडलं, तेही वेगळ्या रीतीनं. एक भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल तेवढं लिहायचं, मग उघडून काय सुटलं ते बघायचं. तोच धडा चारदा वाचला की येतं असं वाटतं, परीक्षेत मात्र दगा देतं. मिटून आठवताना जो ताण पडतो, त्यानंच ते पक्कं बसतं. याला सुरुवातीला ते फार जड गेलं. “सुटलेलंच जास्त निघते, ताई.” निघू द्या म्हटलं, निदान कुठलं सुटलं ते तरी कळतं.

या वयात वर्गात बसायच्या लाजेचा प्रश्न परस्पर मिटला. रविवारच्या वर्गात शेजारी एक अंगणवाडी सेविका, मागं एक होमगार्ड. कोण कुणाला हसणार?

आता माझ्याकडे कुणी ‘डोक्यात शिरत नाही’ म्हणालं की मी आधी वाचायला आणि लिहायला देते, बोलते नंतर. प्रत्येकाचा हातच निघेल असं नाही. एका आशाताईंचं डोकं पान वाचेस्तोवर ठणकायचं. त्यांना चाळशी लागली होती. पुस्तक हात लांब करून धरत होत्या तरी त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. एक जण रात्रपाळी करून सकाळी वाचायला बसायचा. त्याला पुस्तकाऐवजी उशी लागत होती.

काट्यावरचे भाऊ निकाल घेऊन आले ते भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून. बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

“दोन प्रश्न येत होते, ताई. टाइम नाही पुरला. मंग तेवढ्यासाठी फॉर्म पुन्हा कधी भराचा?”